लळित आलं की ललित आले?

मु. खारकोंड, पो. दिघी
ता. २ एप्रिल १९५७

कमळच्या बाबांस,

केसरचा नमस्कार. हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. अनंता मास्तरांनी देवळात बायकांचा वर्ग काढला, त्यात माझा पहिला नंबर आला. वर्गात आम्ही तिघीच आहोत आणि ठमाबाईला अजून स्वतःच्या नावातला ठ काढता येत नाही, पण पहिला तो पहिला. मास्तर म्हणतात, बोलताना हाय-न्हाय चालेल, लिहिताना आहे-नाही लिहायचं. म्हणून पत्र वाचून हे दुसऱ्याच कुणाच्या बायकोचं आहे असं समजू नका.

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. त्या दिवशी लळितात तुम्ही साहेबाचं सोंग घेतलंत. दरवर्षी घेता, लोक तुमच्यासाठीच येतात. पण त्या वर्षी भर देवळात स्वतःच्या बापाची नक्कल केलीत. “साहेब, अर्ज केलाय, साहेब, अंगठा दिलाय, आता समुद्राला हुकूम द्या!” लोक लोळून हसले. मामंजीही हसले असते, पण त्याच आठवड्यात खाडीच्या बांधाला खांड पडून आपलं भातशेत खाऱ्या पाण्याखाली गेलं होतं. त्यांनी तुमच्या डोक्यावरची हॅट काढून मारुतीच्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, “आता हाच साहेब.” तुम्ही दुसऱ्या दिवशी मुंबईच्या बोटीत बसलात.

तुमचं म्हणणं, बापानं बोलावल्याशिवाय येणार नाही. त्यांचं म्हणणं, स्वतःच्या घरी यायला बोलावणं कशाला लागतं. दोघांचंही बरोबर आहे. चुकते ती मी.

इकडची हकीकत. खांड आता इतकी रुंद झाली आहे की भरतीला होडी आत येते. परवा सदू कोळ्यानं आपल्या शेतात जाळं टाकून टोपलीभर बोयी धरल्या आणि अर्ध्या आपल्याकडे आणून दिल्या. म्हणाला, “तुमच्याच शेतातल्या हायत, वैनी.” मामंजी जेवले नाहीत. मी आणि कमळनं खाल्ल्या, चांगल्या होत्या.

मामंजींनी सरकारला सात अर्ज केले. एकाचंही उत्तर नाही. आठवा आज मास्तरांनी लिहून दिला.

माझं म्हणणं एवढंच. हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी लळित असतं. तुम्ही गेल्यापासून ते झालेलं नाही, कारण मुंबईची मंडळी तुमच्याशिवाय निघत नाहीत. या वर्षी खारकोंडला लळित आलंच पाहिजे. अर्ज पुष्कळ झाले. कागदानं बांध सांधत नाही आणि घरही सांधत नाही. माणूस स्वतः आला तरच काही होईल.

खाली मामंजींचा अंगठा आहे. तो कसा मिळाला ते विचारू नका. बोलावणं झालं, एवढं धरा.

आपली,
केसर

—

खारकोंड
ता. १७ एप्रिल १९५७

कमळच्या बाबांस,

मागचं पत्र तुम्हाला मिळालेलं नाही, हे मला परवा कळलं. ते अलिबागला गेलं, सरकारी कचेरीत. तुमच्याकडे जे पाकीट आलं असेल तो सरकारला केलेला आठवा अर्ज आहे. त्यात “मेहेरबान साहेबांच्या चरणी” असं लिहिलं आहे ते तुम्हाला उद्देशून नाही. गैरसमज नसावा.

दोन कागद होते आणि दोन पाकिटं. मी कागद घालत असताना मामंजी अचानक माजघरात आले. त्यांनी अंगठा आठव्या अर्जावर दिला होता, आणि “हा पण सरकारचाच, दुसरी प्रत,” असं सांगून मी तो तुमच्या पत्रावरही घेतला होता. त्यामुळे घाई झाली. मास्तरांना मी सांगितलं आहे की मांजरानं कागद विस्कटले. कुणी विचारलं तर मांजर.

आता पुढचं ऐका.

बारा तारखेला मामंजींच्या नावानं तार आली. मास्तरांनी वाचली. त्यात होतं, “लळित पंधराला दुपारी दिघीस, व्यवस्था करा.” तारेतली अक्षरं इंग्रजी असतात. इंग्रजीत ल आणि ळ एकच, हे मास्तरांनी आम्हाला नंतर शिकवलं. वर कोपऱ्यात अलिबाग असं लिहिलं होतं, तेही त्यांनी नंतर वाचलं.

गावात दिवाळीच झाली. दोन वर्षांनी लळित येणार! मामंजी म्हणाले, “मी कुणाला बोलावलं न्हाय.” मग त्यांनी धोतर धुवायला टाकलं, दाढी केली, आणि संध्याकाळी मला म्हणाले, “खाजणातल्या बांधावरनं कुणी येऊ नका म्हणावं, पाय घसरतो. त्याला ठाऊक नसंल.” त्याला म्हणजे कुणाला ते बोलले नाहीत.

मी धक्क्यावर गेले नव्हते. म्हणजे गेले होते, पण मागे उभी होते. हिरवं लुगडं नेसले होते ते दुसरं वाळलं नव्हतं म्हणून.

आगरदांड्याहून माणसं ने-आण करणारी तर आली. वारा फार होता. तरीतून दोनच माणसं उतरली. एक हॅट घातलेले, पन्नाशीचे, चेहरा तरीच्या हेलकाव्यांनी लिंबासारखा पिवळा. दुसरा लाल पट्टा आणि पितळेचा बिल्ला लावलेला. बरोबर एक पेटी आणि तीन पायांचं लाकडी घोडं. मी तरीच्या टोकापर्यंत बघितलं. तिसरं कुणी नव्हतं.

बाबाजी आपला सोंगं रंगवणारा, तो तर नाचायचाच बाकी होता. लळितात आधी चोपदार येतो, मग साहेब, आणि इथे दोघं तयार होऊनच आलेले. तो पट्टेवाल्याभोवती फिरला. “चोपदार झकास हाय! पट्टा अगदी खरा वाटतो.”

“खराच आहे!” पट्टेवाला खेकसला.

“आवाज पण हाय!” बाबाजी म्हणाला.

त्यांना ढोल-ताशा लावून देवळात नेलं. हॅटवाले सारखे हात जोडत होते आणि म्हणत होते, “एवढं कशाला, एवढं कशाला.” सभामंडपात चटईवर बसवल्यावर त्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात बाबाजीनं सफेदा कालवून त्यांच्या डाव्या गालाला लावला. ते दचकले. “हे काय?”

“रीत हाय, साहेब,” बाबाजी म्हणाला. सोंग साहेबाचं, म्हणून तो साहेब म्हणाला.

गावच्या रितीला नाही म्हणू नये असं त्या माणसाला कुणीतरी शिकवलेलं होतं. त्यांनी गाल पुढे केला.

मी गूळपाणी घेऊन गेले. तुम्ही आला नाहीत आणि तुमच्या जागी दुसरा साहेब धाडलात, असं मला वाटलं. तेव्हा मी त्यांच्याशी थोडंसं बोलले. फार नाही. तुमची चौकशी केली, एवढंच. पाणी पिऊन त्यांनी खिशातून एक कागद काढला आणि विचारलं, “केसर म्हणजे तुम्हीच का?”

कागदावर माझंच अक्षर होतं.

“मी ललित,” ते म्हणाले. “खारबंधाऱ्यांचं काम बघतो. अलिबागहून आलो. तार केली होती.”

ताशा थांबला. ढोल तेवढा वाजत राहिला, कारण ढोलवाल्याला कमी ऐकू येतं.

मास्तर पुढे झाले. मास्तर हल्ली वर्तमानपत्र मागवतात. ते चाचरत म्हणाले, “म्हणजे पेणकडचे बांध ज्यांनी सांधले ते ललितसाहेब? ज्यांचा फोटो आला होता ते? लळित नव्हे?”

“आडनाव ललित. शाळेत मुलं लळितच म्हणायची,” साहेब म्हणाले. “रंग मात्र आज पहिल्यांदा लागला.”

बाबाजीनं भिंतीकडे तोंड केलं ते बराच वेळ वळवलं नाही.

साहेबांनी सगळं सांगितलं. माझं पत्र कचेरीत फुटलं. कारकुनानं वाचलं की या वर्षी खारकोंडला लळित आलंच पाहिजे, माणूस स्वतः आला पाहिजे. त्याला वाटलं गावानं साहेबांना नावानिशी बोलावलं आहे, म्हणून त्यानं ते थेट त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. “पत्र माझं नाही, हे पहिल्या ओळीत कळलं. तिथेच मिटायला हवं होतं,” साहेब म्हणाले. “पण वाचलं. तुमचे सात अर्ज माझ्याकडे आहेत. सगळ्यांत ‘बांध नादुरुस्त आहे’ एवढंच आहे. असे दोनशे अर्ज येतात, मीच बाजूला ठेवले होते. या पत्रात शेतात बोयी मिळाल्याचं होतं. शेतात बोय येते म्हणजे खांड तळापर्यंत गेली. या पावसात उरलेला बांधही जाईल. म्हणून आलो.”

मग त्यांनी पत्र मामंजींच्या हातात दिलं. “हा अंगठा आपलाच ना? मी आपल्या अंगठ्यावर आलो आहे.”

मामंजींनी ते मास्तरांकडून वाचून घेतलं. सगळं. गावासमोर. माझी मान खाली. वाचून झाल्यावर मामंजी म्हणाले, “पोरी, तू तर म्हणालीस सरकारी कागद हाय.”

मी म्हणाले, “सरकारकडेच गेला ना, मामंजी.”

ठमाबाई फिस्सकन हसली. मामंजींनी आपला अंगठा डोळ्यांसमोर धरून बघितला. मग म्हणाले, “दिला तो दिला. अंगठा काय परत घेता येतो?”

म्हणजे बोलावणं कायम आहे. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

साहेबांनी तोंडही धुतलं नाही. ओहोटी लागली होती, म्हणाले आधी बांध. एका गालाला सफेदा लावलेला साहेब पुढे, मागे घोडं घेतलेला पट्टेवाला, त्याच्यामागे सगळं गाव, आणि सगळ्यांत मागे ढोल. अर्ध्या लोकांना वाटत होतं लळितच चाललं आहे. साहेब गुडघाभर चिखलात उतरले, मापं घेतली, मामंजींना विचार विचार विचारलं. कुठल्या भरतीला पाणी कुठे येतं हे मामंजींना तोंडपाठ. दोघं चिखलात उभे राहून दोन तास बोलले. मामंजींशी एवढं कुणी बोललेलं मी दोन वर्षांत पाहिलं नाही.

शेवटी साहेब म्हणाले, सरकारची मंजुरी पावसानंतर येईल आणि समुद्र पावसाआधी. मी उघाडीची, म्हणजे आतलं पाणी बाहेर सोडायच्या वाटेची, लाकडी दारं पाठवतो, आखणी करून देतो, माणूस देतो. माती तुम्ही टाका. एकवीस मेला भांगाची भरती आहे, पाणी कमी चढेल, त्या दिवशी खांड बुजवायची. तोंडाशी उभं राहायला निदान चाळीस गडी लागतील.

गावात गडी सतरा आहेत, त्यात मामंजी आणि ढोलवाला धरून.

आपली,
केसर

—

खारकोंड
ता. ४ मे १९५७

कमळच्या बाबांस,

तुमचं कार्ड आलं. कार्ड उघडं असतं, त्यामुळे ते माझ्याआधी पोस्टमननं, मास्तरांनी आणि ठमाबाईनं वाचलं. ठमाबाईला आता ठ येतो.

तुम्ही लिहिता, “बापाने मला मेहेरबान साहेब म्हणून अर्ज पाठवला. माझ्या सोंगाची इतकी थट्टा करायची गरज नव्हती.” म्हणजे माझं सतरा तारखेचं पत्र पोचायच्या आधीच तुम्ही कार्ड टाकलंत. आता ते पोचलं असेल आणि थट्टा कुणाचीच नव्हती हे कळलं असेल. तरी तुमचं कार्ड मी मामंजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “त्याला राग आला?” मी हो म्हणाले. म्हणाले, “मला पण आला होता.” आणि फावडं घेऊन बांधावर गेले.

कार्डाच्या कोपऱ्यात तुम्ही बारीक अक्षरात विचारलं आहे, की सदूच्या भावानं गोदीत सांगितलं ते खरं का. केसरनं देवळात साहेबाला झाडलं का.

थोडंसं बोलले असं मी लिहिलं होतं. ते थोडंसं नव्हतं. आता तुम्हाला कळलंच आहे तर माझ्याकडून बरोबर ऐका, सदूचा भाऊ पदरचं घालतो.

मी विचारलं, “ते आले नाहीत?”

साहेब म्हणाले, “कोण?”

“ज्यांची हॅट घालून तुम्ही आलात ते.”

“बाई, ही हॅट माझीच आहे.”

“दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याची होती,” मी म्हणाले, आणि मग मला थांबता आलं नाही. मी म्हणाले, त्यांना जाऊन सांगा, साहेबाचं सोंग कुणालाही जमतं, हॅट घातली की झालं. पोराचं सोंग जमत नाही आणि बापाचंही जमत नाही. म्हातारा दर उधाणाला बांधावर जाऊन उभा राहतो. काय करतो विचारलं तर म्हणतो, बघतो. एकटा माणूस समुद्राकडे काय बघणार? आणि सांगा, केसर चाळिशीच्या बायांबरोबर पाटी घेऊन बसते ती पोथी वाचायला नाही. नवऱ्याचा पत्ता पाकिटावर स्वतःच्या हातानं लिहायला शिकते आहे. तो पत्ता लिहायला शिकले, आता तो पुसायलाही शिकेन.

शेवटचं वाक्य म्हणायला नको होतं. ते मी परत घेते. मला अंगठा नाही, सही आहे. सही परत घेता येते.

साहेब ऐकत होते, गालाला रंग, हातात गूळपाणी. म्हणून त्यांनी कागद काढून माझं नाव विचारलं. त्यांना आधीच कळलं होतं.

एवढंच लपवलं होतं. मांजराचंही खोटं होतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

बांधावर रोज माती पडते आहे. ठमाबाईच्या वाडीतल्या कोळणीही टोपल्या घेऊन येतात. त्यांना शेत नाही, पण पाणी वाडीत शिरलं तर त्यांच्या सुकटीचे ओटे बुडतात. बायका धरून आम्ही एकोणपन्नास झालो. पण खांडीच्या तोंडाशी, ओढत्या पाण्यात उभं राहायला गडीच हवेत, आणि ते तुमच्या गोदीत आहेत.

एकवीस मे, मंगळवार. बोट एकोणीसला दिघीला लागते. मी धक्क्यावर येणार नाही. म्हणजे येईन, पण या वेळी पुढे उभी राहीन.

केसर

—

खारकोंड
ता. ९ जून १९५७

मेहेरबान ललितसाहेब यांस,

सौ. केसर रघू यांचा नमस्कार. हा अर्ज नाही, पत्र आहे, आणि या वेळी पाकिटावरचं नाव मी तीनदा वाचलं आहे.

आपल्या माणसानं बांध झाला असं आपल्याला कळवलंच असेल. पण तो मोजून लिहितो, म्हणून मी न मोजता लिहिते.

एकोणीसच्या बोटीतून सव्वीस माणसं उतरली. सगळी खारकोंडची आणि आसपासची, गोदीतून रजा घेऊन आलेली. सगळ्यांत शेवटी आमचे हे. ते धक्क्यावर माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “पुढे उभी हायस.” मी म्हणाले, “व्हय.” दोन वर्षांचं बोलायचं ठरवलेलं सगळं तेवढ्यात संपलं.

घरी आल्यावर मामंजी ओटीवर होते. ह्यांनी वाकून नमस्कार केला. मामंजी कमळला म्हणाले, “पाव्हण्यांना पाणी दे.” हे कमळला म्हणाले, “आजोबांना सांग, पाव्हणा बांधापुरताच हाय.” पोर दोन दिवस ओटी आणि माजघर यांच्यामध्ये निरोप पोचवून दमली. शेवटी म्हणाली, “मला पगार द्या.”

एकवीसला पहाटेची ओहोटी धरून काम सुरू झालं. आपण सांगितल्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी माती पुढे पुढे नेली. मधे चार हात तोंड उरलं तेव्हा भरती लागली. पाणी असं घुसायला लागलं की टाकलेली पाटी माती पडण्याआधीच विरघळत होती. आपल्या माणसानं ओरडून सांगितलं, आता माणसांची भिंत करा, मागे कुडाच्या तट्ट्या लावा. दहा गडी हातात हात घालून तोंडात उतरले. मधोमध हे. छातीपर्यंत पाणी. त्यांचा पाय सरकलेला मला वरून दिसला. माझ्या हातात पाटी होती, ती तशीच राहिली, ओरडायचंही सुचलं नाही.

ओरडले मामंजी. बांधावर उभे राहून, गळ्याच्या शिरा ताणून, दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मुलाला हाक मारली. ती हाक पत्रात लिहिण्यासारखी नाही. तिच्यात गाढव होतं, गाढवाची आई होती आणि शेवटी “टाच रोव, रघ्या, टाच!” असं होतं.

ह्यांनी टाच रोवली. आणि पाण्यातून तोंड वर काढून तेवढ्याच जोरानं ओरडले, “रोवलीय, बाबा! तुम्ही माती टाका, नुसतं बघू नका!”

मग मामंजींनी माती टाकली. सत्तर वर्षांचा माणूस, साहेब, एकामागून एक पाट्या, कुणाला हातातली घेऊ देईना. दिवस कासराभर उरला तेव्हा पाणी बाहेर आणि आम्ही आत होतो. ढोलवाल्यानं विचारलं, “झालं का?” आणि उत्तर ऐकू येणार नाही म्हणून त्यानं आपलं वाजवायला सुरुवात केली.

राहिलेलं लळित आम्ही दुसऱ्या दिवशी बांधावरच केलं, दुपारी. साहेबाचं सोंग ह्यांनी घेतलं नाही. बाबाजी मागे लागला होता, पण हे म्हणाले, खरा साहेब बघितल्यावर आता खोटा करता येत नाही. हे गोंधळी झाले आणि बरे झाले. बाबाजी आपल्याला नमस्कार सांगतो आणि सफेदा साबणानं निघाला का, की तेल लावावं लागलं, असं विचारतो. पट्टेवाल्यांना त्यानं चोपदाराचं काम कायमचं देऊ केलं आहे.

मागच्या अमावास्येच्या उधाणाला पाणी बांधाच्या कण्यापासून हातभर खाली थांबलं. उघाडीची दारं आपटली आणि मिटली, तशी मिटायला हवीत असं आपण म्हणाला होता. आत एक थेंब नाही. सदूनं सवयीनं जाळं आणलं होतं, ते घेऊन परत गेला.

हे पेरणीपर्यंत राहणार आहेत. पुढचं गोदीच्या मुकादमावर आहे, त्याला पत्र मी लिहिलं आहे.

आता एक विचारायचं आहे, कारण इथे त्यावरून रोज चालू आहे. जमिनीतलं मीठ धुऊन जायला किती पावसाळे लागतात? मामंजी म्हणतात, एक, आपली जमीन गोड आहे. हे म्हणतात, तीन, मुंबईला एका खारपट्टीवाल्यानं सांगितलं. काल जेवताना सुरू झालं ते ताटं धुऊन झाली तरी चालू होतं. आज सकाळी दोघं शेतात गेले आणि मधल्या बांधावर उभे राहून एकमेकांना ढेकळं दाखवत होते, घरापर्यंत आवाज येत होता. ठमाबाई म्हणाली, “अगं, जा, सोडव त्यांना, मारामारी व्हईल.”

मी गेले नाही. दारात बसून ऐकत होते. आपण उत्तर सावकाश पाठवलंत तरी चालेल.

आपली,
केसर